ताळा कोण करणार?

पाचवी ते दहावीतल्या पोरांच्या आईबाबांना, एका किराणा दुकानदाराचं खुलं पत्र

नमस्कार,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात किराणा दुकान चालवतो. दुकान वडलांनी काढलेलं, मला गल्ल्यावर बसून तीस वर्षं होत आली. तुमच्यातले निम्मे मला ओळखतात, बाकीचे फोनवर यादी पाठवतात आणि पोरगं येऊन पिशवी उचलून नेतं, त्यामुळे तुमचं तोंड मला माहीत नाही पण तुमच्याकडे महिन्याला तेल किती लागतं ते पाठ आहे. पत्रबित्र लिहायची सवय नाही. पण उन्हाळ्यात एक गोष्ट झाली आणि ती डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

दुपारी लाइट गेलेली, इलेक्ट्रॉनिक काट्याची बॅटरी पण बसलेली, म्हणून माळ्यावरचा जुना तराजू काढला होता. काउंटरला एक पोरगा ठेवलाय, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, गुणी आहे, वेळेवर येतो, खोटं बोलत नाही. एक मावशी आल्या, म्हणाल्या पाऊण किलो शेंगदाणे दे. पोरगा माझ्याकडे बघून विचारतो, काका पाऊण म्हणजे किती? मी आत पोती लावत होतो, तिथनंच ओरडलो साडेसातशे. त्याने पाचशे, दोनशे, पन्नास अशी मापं टाकून बरोबर तोलले. भाव होता १६० रुपये किलो. मग फोन काढला, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, बारा रुपये मावशी.

मावशींनी त्याच्याकडे बघितलं, मग दाण्यांकडे, मग माझ्याकडे. म्हणाल्या, अरे बाळा, बारा रुपयाला आता चकण्याची पुडी येत नाही. तर पोरगा फोन त्यांच्यासमोर धरून म्हणतो, बघा ना, बाराच आलंय.

०.७५ च्या जागी ०.०७५ पडलं होतं, बास. एक शून्य जास्तीचं. आता ह्यात मजा अशी की आकडा तसा बरोबरच होता, आमचे वडील पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायचे त्यात सोळा पाऊणे बारा असंच आहे, म्हणजे १६० चे १२०. मावशी चौथी शिकलेल्या, त्यांनी पाऊणकी म्हटली असेल असं मला वाटत नाही. त्यांना एवढंच कळलं की किलोभर दाणे दीडशेच्या वर जातात तर पाऊण किलो बारात कसे जातील. पोराला ते कळलं नाही. आणि कळलं नाही ह्याचं मला एवढं नाही वाटलं जेवढं त्याच्या त्या "बाराच आलंय"चं वाटलं.

आता तुम्हाला वाटेल हा काका कॅल्क्युलेटरच्या नावाने बोटं मोडणार. नाही हो. माझ्याकडे दोन कॅल्क्युलेटर आहेत, एक गल्ल्यावर, एक ठोकच्या हिशेबाला, शिवाय बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, जीएसटी मी आयुष्यात कधी हाताने काढला नाही आणि काढणारही नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन नंबर मला पाठ नाही. त्यामुळे पूर्वीची माणसं अशी आणि आताची तशी हे मला बोलायचंच नाही. माझं म्हणणं एका शब्दाचं आहे, तो शब्द म्हणजे ताळा. तुम्ही शाळेत ऐकला असेल, भागाकार झाला की गुरुजी म्हणायचे ताळा करून बघ. उत्तर काढणं हे एक काम आणि आलेलं उत्तर खरं वाटतंय का ते बघणं हे दुसरं काम. पहिलं मशीनला दिलं, काही बिघडलं नाही. दुसरं कुणालाच दिलं नाही, ते नुसतं सुटलं.

वडील यादीची बेरीज दोनदा करायचे, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दोन्ही वेळा तेच आलं तरच आकड्याखाली दोन रेघा. रात्री रोजमेळ लिहायला बसले आणि गल्ल्याशी मेळ बसला नाही की आधी फरक किती आहे ते बघायचे. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, समजा २७ आला, की म्हणायचे आकडे उलटे पडलेत कुठंतरी, शोध. आणि खरंच कुठंतरी ६३ चे ३६ झालेले असायचे. लहानपणी मला ही जादू वाटायची. जादू काही नाही, दोन आकडी संख्या उलटी लिहिली की फरक कायम नवाच्या पटीतच येतो, ९१ चे १९ करा, ७२, ५४ चे ४५ करा, ९. पोरांना घरी करून दाखवा, पाच मिनिटं तरी फोन खाली ठेवतील.

पण ६३ चे ३६ होतात का, हे मला फार उशिरा कळलं. आठवत असेल तर २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरनं केवढा गदारोळ झाला होता, सत्तावीसला "वीस सात" म्हणायचं म्हणे, विधानसभेपर्यंत विषय गेला, आमच्या दुकानासमोर पण रोज टवाळी चालायची आणि मी त्यात पुढे होतो, खोटं कशाला बोलू. तेव्हा गणिताच्या समितीवर मंगला नारळीकर बाई अध्यक्ष होत्या, त्यांचं म्हणणं साधं होतं की मराठीत आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, त्यात ती जोडाक्षरं, लहान पोरं गोंधळतात. मी हसलो. आणि मग एक दिवस मीच उधारीच्या वहीत कुणीतरी "त्रेसष्ट" म्हणाला ते ऐकत ऐकत ३६ लिहून बसलो. त्रेसष्ट! तीन आधी ऐकू आला, हाताने तीन आधी लिहिला. म्हणजे वडलांचा तो २७ चा फरक तिथनं यायचा. बाई २०२३ ला गेल्या. त्यांचा उपाय मला अजूनही फार पटत नाही, पण दुखणं त्यांनी बरोबर पकडलं होतं आणि आपण नुसते विनोद करत बसलो.

उपाय पटत नाही कारण आपल्या आकड्यांच्या नावात एक सोय आहे ती कुणी पोरांना सांगत नाही. एकोणतीस म्हणजे काय, तिसाला एक उणा. नावातच वजाबाकी करून ठेवलीय. एकोणतीसचा पाढा म्हणलं की पोरं रडकुंडीला येतात, पण सहा साबण एकोणतीसचे असतील तर मी पाढा म्हणतच नाही, सहा त्रिक अठरा, एकशे ऐंशी, त्यातनं सहा काढले, एकशे चौऱ्याहत्तर. झालं. तसंच पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाव शेकडा कमी, सव्वाशे, अडीचशे, साडेतीनशे, हे सगळे शब्द म्हणजे तोंडी हिशेबाच्या खुंट्या आहेत. १९९, २९९ असले भाव लावणाऱ्या कंपन्यांना माहितीय की गिऱ्हाईक डावीकडचा आकडा बघतं, आणि आपल्या बोलीत तर एकोणाची सवय आधीपासून आहे की एक वाढव आणि नंतर काढ. पण आज दुकानात मी पोराला "अडुसष्ट झाले" म्हणलं की ते आईकडे बघतं, मग आई म्हणते सिक्स्टी एट. इंग्रजी शाळेत घाला हो, माझी पण मुलं तिथंच गेली, पण मग बाजारात आल्यावर पाऊण, सव्वा, दीड, अडीच एवढं तरी घरी बोला की.

ह्यात पोरांची चूक किती, खरंच मला शंका आहे. माझ्या वडलांच्या शाळेत आणे होते, रुपयाचे सोळा आणे, चार आण्याची पावली, आठ आण्याची अधेली. पाव-अर्धा-पाऊण रोज हातात खेळायचा, पावकी-निमकी आली नाही तर गोळ्या पण घेता यायच्या नाहीत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग शेर-छटाक जाऊन किलो आले. बरंच झालं, सोपं झालं, पण पाऊणकीचं काम गेलं. तरी चार आणे हा शब्द राहिला होता, २०११ च्या जूनअखेरीस २५ पैशाचं नाणंच बाद झालं. मग सुटा माल जाऊन पाकिटं आली. मग फोनवर पैसे द्यायला लागले तसं सुट्ट्याचं भांडण मिटलं, आता तर डबाच ओरडून सांगतो इतके रुपये प्राप्त झाले म्हणून. परत किती द्यायचे हा प्रश्नच उरला नाही. पूर्वी पोरगं साखर आणायला आलं की येताना-जाताना चार हिशेब आपोआप व्हायचे, आणि एखाद्या रुपयाची गोळी मारल्याचा पाचवा हिशेब घरी जुळवावा लागायचा, तो सगळ्यात अवघड.

आता तुम्ही म्हणाल आम्ही अॅबॅकसला घातलंय. माहितीय, आमच्या गल्लीतच दोन क्लास आहेत. असाच एक चुणचुणीत मुलगा वडलांबरोबर आला होता, सहावीतला असेल. वडील कौतुकाने म्हणाले विचारा काहीपण. मी चार-पाच आकडे धडाधड सांगितले, त्याने हवेत बोटं नाचवली आणि माझं बोलणं संपायच्या आत उत्तर. एकदम बरोबर. मी खरंच टाळी दिली. मग म्हणलं, अंडी ८४ रुपये डझन, मला अर्धा डझन दे, शंभराची नोट आहे. बोटं थांबली. वडलांना विचारतो, डझन म्हणजे दहा ना?

पोरगं हुशारच आहे, त्यात वाद नाही. पण त्याला कुणी अंडी आणायला पाठवलंच नव्हतं.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नेचर ह्या विज्ञानाच्या साप्ताहिकात एक अभ्यास आला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, नोबेलवाले, ते त्यात होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजीबिजी विकणाऱ्या पोरांना त्यांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले, पोरांनी झटक्यात बरोबर केले. तसलीच गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली तर अडली. आणि शाळेत जाणारी, कागदावर बरी असणारी पोरं बाजाराच्या हिशेबात अडली, साध्या गोष्टीला पण कागद-पेन घेऊन लांबचा रस्ता धरायची. म्हणजे दोन्हीकडे गणित आहे, मधे पूल नाही. आमच्या मंडईत आईशेजारी बसणारी एक मुलगी आहे, नववीला, सव्वा किलो गवार ऐंशीने म्हणलं की शंभर म्हणते, तोवर माझा हात पाकिटाकडे पण गेलेला नसतो. शाळेत गणितात काठावर पास होते म्हणे. तिला कुणीतरी सांगायला पाहिजे की बाई गं, शंभर तू म्हणालीस ना तेच हे शाळेतलं, सव्वा म्हणजे एक पूर्णांक एक चतुर्थांश.

बरं, शेंगदाण्यात नुकसान झालं असतं १०८ रुपयाचं आणि तेही माझं. खरा दणका पुढे आहे आणि तो मी स्वतः खाल्लाय. दुकानात मोठा फ्रीज घेतला तेव्हा एका फायनान्सवाल्याने दुकानात येऊन चहा पिऊन सांगितलं, काका फक्त दहा टक्के, फ्लॅट. एक लाख घेतले, दोन वर्षं, व्याज वीस हजार, एकूण एक लाख वीस हजार भागिले चोवीस, पाच हजार हप्ता. सगळं समोर, कॅल्क्युलेटरवर, एक पैशाची चूक नाही. मी सही केली. दिवसभर लोकांचे हिशेब करणारा माणूस मी!

वर्षभराने पुतण्या म्हणाला काका हे दहा टक्के नाहीत. का नाहीत, तर मी पहिल्याच महिन्यापासून मुद्दल फेडतोय, पण व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू आहे. ह्याचा ताळा तोंडी करता येतो हो, हेच वाईट वाटतं. सुरुवातीला देणं एक लाख, शेवटी शून्य, म्हणजे सरासरी धरली तर पन्नास हजाराच्या आसपासच माझ्याकडे होते. वर्षाला व्याज दिलं दहा हजार. पन्नासावर दहा म्हणजे वीस टक्क्यांच्या घरात. पुतण्याने कॉम्प्युटरवर नीट काढलं तर अठराच्या थोडं वर निघालं. माझा ढोबळ अंदाज पण दोन टक्क्यांच्या आतबाहेर आला असता, आणि चहा पितानाच मी त्याला विचारलं असतं की बाबा दहा कुठले. मशीनने मला फसवलं नाही, मशीनने विचारलं तेवढं सांगितलं. विचारायचं काय ते मला सुचलं नाही.

असर ह्या पोरांच्या शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल आहे, देशातल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या पोरांना त्यांनी तपासलं. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागायला ४३.३ टक्क्यांना जमलं. हे वाचून सगळ्यांनी हळहळ केली, पण माझी नजर पुढच्या ओळीवर अडकली. ज्यांना निदान वजाबाकी तरी येते अशा मुलांना व्यवहारातले प्रश्न घातले, त्यात यादीचा हिशेब साठ टक्क्यांच्या वर पोरांनी केला, सूट काढणं सदतीसच्या आसपास, आणि कर्जाची परतफेड किती होईल हे फक्त दहा टक्क्यांना काढता आलं. दहातला एक. आणि कर्ज देणारं अॅप दहातल्या दहांच्या खिशात आहे. पन्नास टक्के सूट वर आणखी वीस टक्के सूट म्हणजे सत्तर टक्के समजणारी मोठी माणसं मी रोज बघतो, साठ होतात म्हणलं की माझ्याशीच भांडतात. मोठं पाकीट स्वस्तच असणार ही पण तशीच एक समजूत, आता ग्रॅममागे किती पैसे ते पाकिटावर छापून येतं, तीस वर्षांत गिऱ्हाईकाच्या सोयीचं ह्यापेक्षा चांगलं काही छापलं गेलं नसेल, आणि ते वाचताना मी आजवर एकच बाई बघितल्या, त्या पण चष्मा विसरल्या म्हणून मलाच वाचायला लावलं.

तर आईबाबांनो, शाळेला मी काही सांगायला जात नाही, मास्तरांच्या मागे निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत कामं आहेत. तुमच्याकडे मागतो. महिन्याची यादी मला फोनवर पाठवता ती पाठवा, पण आठवड्याची छोटी यादी कागदावर लिहून पोराच्या हातात द्या. आणि नोटा द्या. स्कॅन करायचा फोन देऊ नका, नोटा द्या. एखाद्या वेळी दहा रुपये चुकून येईल, येऊ दे, ओरडू नका, ती क्लासच्या फीपेक्षा स्वस्तच पडते. घरी आल्यावर किती उरले विचारा, पण बिल बघायच्या आधी विचारा. हॉटेलात बिल यायच्या आधी टेबलावर सगळ्यांनी आकडा बोलायचा, ज्याचा जवळ त्याला आइस्क्रीम, हे आमच्या घरी चालतं आणि माझी बायको कायम जिंकते, मी नाही.

माझ्याकडनं जे होईल ते मी करतो. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, जे पोर कागदावर यादी आणि रोख पैसे घेऊन येईल त्याला मी बिल करायच्या आधी विचारणार, किती होतील? पाच वस्तूंपेक्षा यादी लांब नको, मागे रांग लागते. दहा रुपयांच्या आतबाहेर आकडा सांगितला की एक राजगिऱ्याची चिक्की माझ्याकडून. मग कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात देणार, स्वतःचा ताळा स्वतः कर म्हणून. काउंटरचा तो बी.कॉम.वाला पोरगा ह्या सगळ्याची नोंद ठेवणार आहे, त्याने स्वतःहून मागून घेतलंय काम. परवा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसल्या बसल्या विचारत होता, काका, सव्वाची पण असते का पाऊणकीसारखी? म्हणलं सवायकी असते, दिडकी असते, अडीचकी असते, साडेतीनाची औटकी असते. औट म्हणजे साडेतीन हे ऐकून तो उडालाच, म्हणाला म्हणजे औट घटकेचं राज्य म्हणजे साडेतीन घटकांचं? म्हणलं हो, घटका चोवीस मिनिटांची, आता सांग किती मिनिटांचं राज्य झालं. फोनकडे हात गेला त्याचा, मग मागे घेतला. चोवीस त्रिक बहात्तर आणि अर्ध्याचे बारा, चौऱ्याऐंशी, असं पुटपुटत म्हणाला. मग फोन काढून बघितलंच, पण आधी आकडा बोलून मग बघितलं.

रविवारी या. सोमवारी दुकान बंद असतं. आणि येताना सुट्टे आणा, चिक्क्या वाटून माझ्याकडचे संपायचे.

तुमचा,
पेठेतला किराणावाला